विचारावे थोडे, ऐकावे फार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या या आनंदाच्या दिवशी आपल्यापुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला. आपल्या मंडळाने या वर्षी एक नवा उपक्रम हाती घेण्याचे ठरवले आहे. लेखक-लेखिकांना बोलवायचे, त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि ती पॉडकास्टच्या रूपाने सर्वांना ऐकवायची. ‘मुलाखत चांगली व्हायची तर काय करावे ते तुम्ही सांगा,’ असे मला सांगण्यात आले. माझी उभी नोकरी ग्रंथालयात गेली. पुस्तके आणि वाचणारी माणसे यांच्यामधल्या टेबलापाशी बसणे, हाच माझा व्यवसाय. शिवाय हार्बर मार्गावरच्या गाडीत कानाला हेडफोन लावून वर्षानुवर्षे मी लेखकांच्या मुलाखती ऐकत आले आहे. त्या शिदोरीवर हे बोलत आहे.

पॉडकास्ट हा शब्द आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांना नवा वाटेल. पण वस्तू फारशी नवी नाही. हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने प्रथम छापला. ‘आयपॉड’ नावाचे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रसारण, या दोहोंचा तो जोड आहे. रेडिओवरचा कार्यक्रम त्याच्या वेळेला लागतो. आपण त्या वेळी कुकर लावत असलो तर तो हुकतो. पॉडकास्ट आपल्या सवडीने ऐकता येतो, मध्येच थांबवता येतो आणि पुन्हा तिथूनच धरता येतो. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचे ‘वनिता मंडळ’ ज्यांनी दुपारचे काम आवरता आवरता ऐकले आहे, त्यांना हे पाहुणे अनोळखी वाटणार नाहीत. फरक एवढाच, की आता ध्वनिक्षेपक सरकारच्या इमारतीत नसून आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. म्हणजे सोय वाढली, तशी जबाबदारीही वाढली. तिथे निर्माते होते, संहिता तपासणारे होते. इथे आपणच सर्व काही.

आता लेखकाची मुलाखत आपल्या मराठी समाजाला काही नवी नाही. साहित्य संमेलनात प्रकट मुलाखत असते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यावरच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमाने कितीतरी साहित्यिकांना आपल्या बैठकीच्या खोलीत आणून बसवले. मग पॉडकास्टसाठी वेगळे ते काय शिकायचे, असे कोणी विचारील. माझ्या मते एक मोठा फरक आहे. संमेलनाच्या मंडपात समोर हजारो माणसे असतात. त्यांना हसवावे लागते, टाळ्या घ्याव्या लागतात. तिथला मुलाखतकार थोडासा सूत्रधार असतो. दूरदर्शनवर चेहरा दिसतो, खोली दिसते, हातवारे दिसतात. पॉडकास्ट ऐकणारी बाई मात्र एकटी असते. ती भाजी निवडत असेल, पाम बीचच्या बाजूने सकाळी फिरत असेल, नाहीतर वाशीहून मुंबईला चाललेल्या गाडीत कोपऱ्यात उभी असेल. तिच्या कानात फक्त दोन आवाज आहेत. त्या दोघांपैकी एक जण जरी उगाच बोलू लागला, तरी तिला ते तत्काळ कळते. डोळ्यांना फसवता येते, कानाला फसवणे कठीण!

म्हणून मला जे सांगावयाचे आहे ते एका वाक्यात सांगते. लेखकाची मुलाखत चांगली होते ती मुलाखतकाराच्या चुरचुरीत बोलण्याने नव्हे. ती होते पुस्तक खरोखर वाचल्याने, आणि त्या वाचनातून निघालेला एकच नेमका प्रश्न विचारून मग गप्प राहिल्याने. बाकीचे सारे याच्या मागून येते.

याची उदाहरणे आपल्या भाषेत आहेत, आणि ती बायकांनीच घालून दिलेली आहेत, हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

पहिले उदाहरण प्रतिभा रानडे यांचे. विदुषी दुर्गा भागवत यांच्याशी त्यांनी केलेल्या संभाषणांचे ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’ हे पुस्तक १९९८ साली निघाले. दुर्गाबाई म्हणजे काही साधी असामी नव्हे. लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, ऋतू, झाडेपाने, स्वयंपाक या सर्वांत त्यांची बुद्धी सारखीच चालायची. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्यामुळे त्यांना तुरुंगातही जावे लागले. अशा बाईंपुढे बसायचे, तर नुसते ‘आपले बालपण कसे गेले?’ म्हणून भागत नाही. प्रतिभाताई स्वतः लेखिका आणि जाणत्या वाचक. म्हणून त्या गप्पांत दुर्गाबाई कधी ग्रंथांविषयी बोलतात, कधी माणसांविषयी, कधी घरच्या गोष्टींविषयी. आणि वाचणाऱ्याला वाटते की आपणही तिथेच मांडी घालून बसलो आहोत. पुस्तकाच्या नावातला ‘ऐसपैस’ हा शब्द मला फार आवडतो. पाहुणीला पाय पसरून बसायला जागा पाहिजे. प्रश्नावर प्रश्न मारून तिला पाटाच्या कडेवर बसवले, तर ती बिचारी दोन घास खाऊन उठते.

दुसरे उदाहरण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे. आंबेडकरी चळवळीत ज्या स्त्रियांनी कामे केली, त्यांना शोधून काढून या दोघींनी त्यांच्याशी संवाद साधला. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत त्या चळवळीचा इतिहास म्हटला की बहुतेक पुरुषांचीच नावे पुढे येत. ज्या बायांनी सभा भरवल्या, मोर्चे काढले, तुरुंगवास भोगला, त्यांना कोणी जाऊन विचारले नव्हते. विचारल्यावर त्या बोलल्या. केवढी साधी गोष्ट! पण विचारण्याआधी कोणाला विचारायचे, काय विचारायचे, हे ठाऊक असावे लागते. आणि ते अभ्यासानेच कळते.

तिसरे उदाहरण मात्र मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण माझ्या म्हणण्याचे सारे मर्म त्यात आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्यापैकी पुष्कळजणींना नावाने माहीत असतील. त्यांचा जन्म १९२९ चा, आणि २०१२ साली त्या गेल्या. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. ते चालवता चालवता त्यांनी आपल्या समाजाची, त्यातही महार समाजातील स्त्रियांची, जन्माची कहाणी लिहून काढली. ही लिहिलेली पाने त्यांनी कितीतरी वर्षे घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवली होती. फलटणला शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला आणि त्यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः छापले गेले, आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक झाले. सासुरवाशिणींचे त्यात वर्णन केलेले हाल वाचवत नाहीत. दारिद्र्य, उपासमार, मारहाण, सारे काही त्यात आहे.

पण भगिनींनो, पुस्तक लक्ष देऊन वाचणाऱ्या बाईला एक गोष्ट खटकते. साऱ्या वस्तीतल्या बायांचे दुःख बेबीताई सांगतात. मग त्यांचा स्वतःचा संसार कुठे आहे? त्यांचे पती, त्यांचे सासरचे दिवस? त्याविषयी पुस्तकात फारसे काही नाही. बोलते पुस्तक, आणि नेमके तिथेच मुके होते!

माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. तो २००८ साली ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने निघाला. अनुवाद करणाऱ्याइतके बारकाईने कोण वाचतो? एकेक शब्द तोलून दुसऱ्या भाषेत न्यायचा असतो. त्या अनुवादाच्या शेवटी त्यांनी बेबीताईंची मुलाखत जोडली आहे. तिच्यात ही मुकी जागा बोलती झाली आहे. बेबीताईंनी सांगितले की पतीचा संशय आणि मार त्यांनाही चुकला नव्हता. मग तो पुस्तकात का नाही? तर त्यांच्या सांगण्याचा भाव असा, की हे दुःख आमच्यात घरोघरीच होते. मग माझे एकटीचे वेगळे काय सांगायचे?

हे उत्तर ऐकल्यावर ‘जिणं आमुचं’ हे नावच आपल्याला नव्याने कळते. ‘माझे’ नव्हे, ‘आमुचं’. मुलाखतीने पुस्तकाची पुनरुक्ती केली नाही. पुस्तकाचे दार आणखी एका बाजूने उघडून दिले. असा प्रश्न पाठीमागच्या वेष्टनावरचा मजकूर वाचून सुचत नाही. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालत गेलेल्या वाचकालाच सुचतो.

परदेशातही हाच अनुभव आहे. १९५३ साली पॅरिसमध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’ नावाचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. लेखकांच्या मुलाखतींसाठी ते पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांची पहिली मुलाखत होती ई. एम. फॉर्स्टर यांची. हेच फॉर्स्टर आपल्या मराठी संस्थानाच्या, थोरल्या पातीच्या देवासच्या, महाराजांचे काही महिने खाजगी चिटणीस होते. त्यांची ‘ए पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी १९२४ सालची. त्यानंतर त्यांनी नवी कादंबरी प्रसिद्धच केली नव्हती. मुलाखत घेणाऱ्या तरुणांनी त्यांना त्यांच्या गाजलेल्या पुस्तकांची स्तुती ऐकवत बसण्याऐवजी एका अर्धवट सोडलेल्या कादंबरीविषयी विचारले. ती पुरी का झाली नाही? या प्रश्नामुळे म्हातारे गृहस्थ आपल्या कामाच्या पद्धतीविषयी मोकळेपणाने बोलू लागले. लेखकाने काय लिहिले ते पुस्तकात सापडतेच. काय लिहिले नाही, काय टाकले, काय अडले, हे फक्त तोच सांगू शकतो.

आता नित्याचे प्रश्न पाहा. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?’ ‘आपले आवडते लेखक कोण?’ ‘नवोदितांना काय संदेश द्याल?’ हे प्रश्न वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ते कोणालाही विचारता येतात, आणि तोच त्यांचा दोष. लेखकाने त्यांची उत्तरे पन्नास ठिकाणी दिलेली असतात. फार हाताळलेल्या नाण्यावरचा छाप पुसून जातो, तसे ते उत्तर गुळगुळीत झालेले असते. त्या बिचाऱ्यालाही ते देताना कंटाळा येतो, आणि आवाजातला कंटाळा पॉडकास्टमध्ये लपत नाही. प्रश्न तयार केल्यावर आपणच एक परीक्षा घ्यावी: हे पुस्तक न वाचता मला हा प्रश्न विचारता आला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो प्रश्न खोडून टाकावा.

प्रश्न विचारण्याच्या आणखी काही लहानसहान रीती आहेत. त्या स्वयंपाकातल्या मिठासारख्या आहेत, म्हणून सांगते.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. दोन प्रश्न एकत्र केले की पाहुणी सोप्याचे उत्तर देते आणि अवघड तसाच राहतो. प्रश्नाच्या पोटात उत्तर घालून देऊ नये. ‘तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटले असेल, नाही?’ असे म्हटले की ती ‘हो’ म्हणते आणि गोष्ट संपते. ‘तेव्हा तुम्ही काय केलेत?’ असे विचारावे. भावना आपोआप मागून येते. पुस्तक ऐकणाऱ्या बाईने वाचलेले नसेल, हे सदैव ध्यानात ठेवावे. म्हणून एखाद्या प्रसंगाविषयी विचारण्याआधी तो कोणाचा, केव्हाचा, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. मात्र कादंबरीचा शेवट फोडू नये. ज्या मुलाखतीनंतर पुस्तक वाचायची गरज उरत नाही, ती मुलाखत फसली असे समजावे.

पाहुणीची ओळख लांबण लावून करू नये. पुरस्कारांची यादी वाचण्यात पाच मिनिटे गेली, तर गाडीतली बाई तेवढ्यात दुसरे काहीतरी लावते. आपण पुस्तक वाचून आपल्या शब्दांत चार वाक्ये लिहावीत, आणि पुस्तकाचे नाव व प्रकाशक सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट सांगावे. लेखिकेकडून तिचेच एखादे पान वाचून घ्यावे. दोन मिनिटे पुरेत. बोलीभाषेत लिहिलेले पुस्तक असेल तर याचे मोल फारच. छापलेल्या अक्षराला जो हेल नसतो, तो लेखिकेच्या गळ्यात असतो. हे ध्वनिमुद्रणाला जमते. ते छापील मुलाखतीला कधीच जमणार नाही. दुसऱ्या कोणाचे पान वाचायचे असेल, किंवा मागे गाणे वाजवायचे असेल, तर हक्क ज्यांचा त्यांची परवानगी आधी घ्यावी.

आता ऐकण्याविषयी. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हुंकार देत असू. हुंकार थांबला की ती विचारायची, ‘झोपलीस का गं?’ समोरासमोर तो हुंकार गोड. पण माइकसमोर आपले ‘हं, हं’, ‘अच्छा’, ‘वा वा’ हे सारे मुद्रित होते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात ते माशीसारखे घोंघावते. म्हणून हुंकार मानेने द्यावा, डोळ्यांनी द्यावा. उत्तर संपले असे वाटले की मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. हे फार कठीण आहे! आपल्याला शांततेची भीती वाटते. चहाचा कप पुढे करून आपण ती मोडतो. पण पुष्कळदा माणसाचे खरे बोलणे पहिल्या उत्तरानंतरच्या त्या पाच आकड्यांतच निघते. आणि निघाले नाही, तर दोन अक्षरांचा एक प्रश्न आहे. सर्व प्रश्नांत तो थोर आहे. तो म्हणजे ‘मग?’

यंत्राच्या बाबतीत मी अडाणी नसले तरी तज्ज्ञही नाही. आपल्या तरुण सभासद ते पाहतीलच. तरी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. ध्वनिमुद्रण सभागृहात करू नये. तिथे आवाज घुमतो. पडदे, गाद्या, कपड्यांची कपाटे असलेली लहान खोली उत्तम, कारण कापड प्रतिध्वनी गिळते. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाइल मूक. शेजारच्या बिऱ्हाडाला तासभर मिक्सर न लावण्याची विनंती करावी. शेजारधर्म तिथेच कसाला लागतो. माइक तोंडापासून साधारण वीतभर असावा, आणि दोघींना दोन असावेत. आधी मिनिटभर बोलून ते ऐकून पाहावे, आणि काम झाल्यावर लगेच दोन ठिकाणी जपून ठेवावे. कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासाचा असावा. वाशीहून मुंबईला पोहोचेपर्यंत ऐकून पुरा व्हावा, एवढे माप मी धरते.

काटछाट करताना एक पथ्य पाळावे. खोकला काढावा, अडखळणे काढावे, आपले पाल्हाळ तर अवश्य काढावे. पण वाक्य असे जोडू नये की अर्थ पालटेल. ‘पॅरिस रिव्ह्यू’वाले मुलाखत छापण्याआधी लेखकाला दाखवून दुरुस्त करू देत. त्यावर काही लोक नाके मुरडतात. पण आपल्यासारख्या घरगुती मंडळाला तोच मार्ग योग्य वाटतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी पाहुणीला ते ऐकवावे, आणि ‘एवढे नको’ असे ती म्हणाली तर तेवढे निःशंकपणे काढावे. बेबीताईंचे उदाहरण मी दिले; पण ते उत्तर देणे न देणे सर्वस्वी त्यांच्या हाती होते, हे विसरू नका. मुकी जागा दिसली म्हणजे तिच्यावर हातोडा घालण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. दार ठोठवावे, उघडले तर आत जावे, नाहीतर नमस्कार करून परतावे.

हे सारे मी इतक्या कळकळीने का सांगते आहे, त्याचे कारण आता सांगते. आपल्या उपक्रमाच्या पहिल्या पाहुण्या म्हणून कार्यकारिणीने ज्यांना बोलावले आहे, त्या कोणी प्रसिद्ध साहित्यिक नाहीत. जवळच्या गावठाणातल्या त्या एक आजी आहेत. आगरी समाजाच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण असते, हे आपण जाणताच. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर पुढे सरकतात. या आजींनी जन्मभर धवले गायले. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पण म्हातारपणी त्यांनी ती गाणी आणि त्यांच्याबरोबरच्या आठवणी वह्यांत उतरवल्या, आणि घरच्यांनी पदरमोड करून त्याची पुस्तिका छापली. म्हणजे त्या लेखिकाच, नाही का?

आपली ही नगरी कशी वसली ते आठवा. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच माणसे हुतात्मा झाली. आपण कोणी गिरगावातून आलो, कोणी दादरहून, कोणी साताऱ्याहून, कोणी खानदेशातून. चाळीस चाळीस वर्षे इथे राहिलो, याच बाजारात मासळी आणि भाजी घेतली. पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आपली घरे आहेत, त्या बायांचे शब्द आपण कितीसे ऐकले? आता ती संधी आली आहे. आजींचे वय झाले आहे, गळाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. ही मुलाखत ‘पुन्हा केव्हातरी नीट करू’ असे म्हणण्याजोगी नाही.

कार्यकारिणीने तयार केलेली बावीस प्रश्नांची यादी मला दाखवण्यात आली. यादी परिश्रमपूर्वक केलेली आहे, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करते. तिच्यात पहिला प्रश्न आहे: ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोणी दिली?’ मी ती पुस्तिका तीन वेळा वाचली. तिची अर्पणपत्रिका एका ओळीची आहे: ‘विहिरीवरच्या मावशीस.’ बस्स, एवढेच. पुढे साऱ्या पुस्तिकेत या मावशीचा कुठेही उल्लेख नाही. कोण ही मावशी? विहीर कुठली? ती अजून आहे, की बुजली? आजींनी पहिला धवला तिच्या तोंडून ऐकला असेल काय? मला ठाऊक नाही. आणि मी मुद्दामच आधी विचारलेले नाही.

पाहा, विचारायचे तेच आहे. ‘प्रेरणा कोणी दिली?’ असे म्हटले, तर आजी हात जोडून म्हणतील, ‘देवाची कृपा.’ ‘विहिरीवरची मावशी कोण?’ असे विचारले, तर एक जिवंत बाई घागर घेऊन आपल्यासमोर उभी राहील. दोन्ही प्रश्न एकच; पण दुसरा विचारायला पुस्तिका उघडून पाहावी लागते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. बावीसांतले पाच प्रश्न ठेवावेत. आजींना आधी भेटून कोणत्या विषयांवर बोलायचे ते सांगावे, जे नको असेल ते विचारणार नाही असे वचन द्यावे. पण प्रश्न आधी ऐकवू नयेत, कारण पहिल्यांदा सांगताना जो ओलावा असतो तो दुसऱ्यांदा राहत नाही. आजी त्यांच्या बोलीत बोलतील. त्यांना ‘शुद्ध बोला’ असे कोणी सुचवू नये. एखादा शब्द आपल्याला कळला नाही तर तो त्यांनाच विचारावा. तोही एक चांगला प्रश्न होईल. त्या दमल्या तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुढे जावे. आणि त्या मावशीविषयी न बोलणेच त्यांनी पसंत केले, तर आपण पुढचा प्रश्न घ्यावा.

शेवटी आपणा सर्वांना एक विनंती करते. मुलाखत घेणारी एकच असेल, पण वाचणाऱ्या आपण सगळ्या असलो पाहिजे. पुस्तिकेच्या दहा प्रती मंडळाच्या कपाटात आणून ठेवल्या आहेत. एक प्रत चार घरांनी फिरवावी. एका घराने आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये. वाचताना जिथे मन अडेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि तुमचा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून अध्यक्षाबाईंकडे द्यावा. आपल्या पाच प्रश्नांपैकी चार त्या चिठ्ठ्यांतून यावेत अशी माझी इच्छा आहे. महिन्याभराने ध्वनिमुद्रण होईल. तोपर्यंत पुस्तिका प्रत्येकीच्या हातून गेलेली असावी.